एम्बाह रेक्सोंच्या दारचा मांडव

चार लोकांनी एकत्र बसून चहा प्यायचा, एवढीच माझी मूळ योजना होती. यातिनीला विचारा. यातिनी म्हणजे माझी बायको. ती सांगणार नाही ही गोष्ट वेगळी, कारण त्या दिवसापासून माझ्या बाजूनं साक्ष द्यायचं तिनं सोडून दिलंय.

‘नऊ डोहांची कट्यार’ ज्यांनी वाचली नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांची फक्त कीव करतो. दोनशेच्या वर भाग. प्रत्येक भाग एवढासा, पिवळट कागदाचा, खिशात मावणारा. पण आत काय नाही म्हणता? राज्यातून हाकललेला राजपुत्र राडेन वुलुंग, धबधब्यामागं तप करत बसलेले गुरू, तळाशी वेटोळं घालून झोपलेला नाग, आणि ती कट्यार, जी म्यानातून निघाली की काही घेतल्याशिवाय परत जात नाही. शाळेत असताना कोह तिओंगच्या भाड्याच्या वाचनालयातून मी पहिला भाग आणला आणि कामातून गेलो. पुढं आयुष्यभर पोस्टात नोकरी केली म्हणतात, पण ती माझ्या देहानं केली. देह शिक्के मारत होता, जीव डोहाकाठी होता.

आणि हे सगळं लिहिणारा माणूस आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. एम्बाह रेक्सो. गल्लीतले सगळेच त्यांना एम्बाह म्हणतात, म्हणजे आजोबा. सकाळी बनियन आणि लुंगीवर दारात बसून पिंजऱ्यातल्या होल्यांना दाणे घालत असतात. मी सायकलवरून जाताना अजूनही तिथं वेग कमी करतो. ज्या बोटांनी राळे टाकतायत त्याच बोटांनी या माणसानं ज्वालामुखी फोडलाय, सैन्यं बुडवलीत, मला चौथीत असताना अंथरुणात रडवलंय. देवळात गेल्यासारखं होतं मला. यातिनी म्हणते, चेन घसरल्यासारखं दिसतं.

तर गोष्ट नवव्या डोहापाशी येऊन थांबली. फक्त शेवटचा भाग राहिला होता. आणि तो आला नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, मी निवृत्त झालो, माझे केस गेले, भाग आला नाही.

का आला नाही, ते बू वेनिंगनं भाजीवाल्याच्या गाडीपाशी यातिनीला सांगितलं. आमच्यात बाईला बू म्हणतात आणि पुरुषाला पाक; बू वेनिंग म्हणजे एम्बाहंची भाची, तीच त्यांचं सगळं बघते. वाचकांचा एक गट आहे फोनवर. त्यात कुणा गालिह नावाच्या माणसानं लिहिलं होतं की हे सगळं चोरलेलं आहे. नाग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळातला, राजपुत्र सावल्यांच्या खेळातला, कट्यारसुद्धा तिथलीच, मग या म्हाताऱ्याचं स्वतःचं काय? एम्बाहंना मोतीबिंदू, त्यानं लिहिणं आधीच रेंगाळलेलं; म्हणून बू वेनिंगनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई सरळ आहे, गाळून वाचावं हे तिला सुचत नाही. एम्बाह ऐकून म्हणाले, “खरं आहे.” आणि पेनाला टोपण लावलं ते लावलंच.

मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे दुपारी जेवलो नाही.

आता आमच्या लोकांची एक अडचण आहे. तोंडावर मत सांगणं आमच्यात बसत नाही. भाजी खारट झाली तर आम्ही भात जास्त मागतो. एम्बाहंच्या दारावरून रोज त्यांचे वाचक जायचे, वाकून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, “छान, छान.” एम्बाह एकदा बू वेनिंगला म्हणाले होते म्हणे, “लोक इतकं छान म्हणायला लागले की समजावं, आपलं संपलं.” म्हणून मी ठरवलं की चार खरे वाचक गोळा करायचे, त्यांना एम्बाहंसमोर बसवायचं आणि चहाच्या निमित्तानं त्यांच्याकडून खरं वदवून घ्यायचं. शेवटचा भाग हवाय, हे त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं. यात चुकीचं काय आहे ते मला आजही कळत नाही.

पहिली चूक अशी की मी हे पाक दार्सोनोंना सांगितलं. ते आमचे गल्लीप्रमुख. त्यांच्या कानावर न घालता आमच्याकडं चार माणसं बसत नाहीत.

“चार कशाला? वाचक म्हणजे वाढणार,” ते म्हणाले. “खुर्च्या लागतील. ऊन आहे, मांडव लागेल. मांडव म्हटला की रस्ता अडणार, रस्ता अडला की वॉर्ड कचेरीची परवानगी.”

“पण मी आत ओसरीवर...”

“पाक मार्गोनो, तुम्ही पोस्टात होतात. तुम्हाला नियम मी सांगायचे?”

पोस्टाचं नाव काढलं की माझं काही चालत नाही. कचेरीत गेलो. तिथला कारकून इतका नम्र होता की मला घाम फुटला. रस्ता लग्नासाठी अडवता येतो, सुंतेसाठी येतो, मयतीसाठी येतो. वाचकांसाठी अडवायची सोय नाही.

“वाचक जमून काय करणार?” त्यानं विचारलं.

“मतं सांगणार.”

तो जरा मागं सरकला. “कशाबद्दल?”

“राजपुत्राबद्दल.”

“मग पोलिसांकडून आणावं लागेल, पाक,” तो कळवळून म्हणाला. “राजपुत्र नका घालू. आपण ‘सामाजिक कार्य’ लिहू या का? ‘सामाजिक’ला कुणी काही विचारत नाही.” आणि त्यानं माझ्या देखत शिक्का मारला. शिक्का उत्तम मारला होता, हे मी व्यावसायिक दृष्टीनं सांगतो.

गल्लीचा मांडव ‘सामाजिक’ खात्यातून फुकट मिळतो हे ऐकून मला आनंद झाला. ते खातं फक्त एकाच सामाजिक कार्यासाठी उघडतं आणि त्यात सत्कारमूर्ती स्वतः उठून बसत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी सभासमारंभात नवखा. तिकडं पाक दार्सोनो परवानगीवर सही करून मुलीकडं निघून गेले.

मग माडाच्या झावळीची कमान लावायची की नाही यावर वाद झाला. लग्नाला आमच्याकडं गल्लीच्या तोंडाशी ती वाकलेली कमान लागते.

“मला तर वाटतं लावा,” यातिनी म्हणाली. “नुसता मांडव कसा दिसेल?”

“आणि लोकांना वाटलं एम्बाहंचं लग्न आहे, तर?”

“त्या वयात?”

“एम्बाहंचं नाही तर बू वेनिंगचं वाटेल. पन्नाशीची अविवाहित बाई, तिला लाज आणायची?”

बू वेनिंगनं मान खाली घालून सांगितलं की तिची काही हरकत नाही. तेव्हा तर मी आणखीच घाबरलो आणि कमान रद्द केली. सुशिक्षित वस्ती आहे, लोक समजून घेतील, असं मी म्हणालो. हे वाक्य यातिनी मला अजून जेवताना ऐकवते.

एम्बाहंचा फोटो एकच मिळाला, तरुणपणीचा, काळा-पांढरा. तो मोठा करून पांढऱ्या कापडावर लावला. लोक तोंडानं मत सांगणार नाहीत, निदान कागदावर लिहितील, म्हणून एक खोकं पांढऱ्या कापडात गुंडाळून, वर फट पाडून, मांडवाच्या तोंडाशी टेबलावर ठेवलं. शेजारी पाण्याचे पेले. किती विचारपूर्वक केलं होतं सगळं, आणि आता सांगताना माझ्याच कानाला कसं लागतंय.

त्या रविवारी एम्बाह नेहमीप्रमाणं पक्ष्यांच्या बाजाराला गेले होते. ते परत यायच्या आत सगळं सज्ज करून त्यांना चकित करायचं असा बेत होता. मांडव घालणारी मंडळी तेवढ्यात आली. ती एकाच प्रकारचा मांडव घालतात. मी म्हटलं जरा आनंदी घाला, तर ते म्हणाले, “आम्ही समजू शकतो, पाक,” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

मी चौघांना बोलावलं होतं. तासाभरात पन्नास मोटारसायकली आल्या.

नंतर कळलं की गल्लीतून जाणाऱ्या कुणीतरी मांडवाचा, त्या काळ्या-पांढऱ्या फोटोचा आणि खोक्याचा फोटो काढून वाचकांच्या गटात टाकला होता. शब्द एकही नाही, नुसते जोडलेले हात. पण तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. क्लातेनहून आले, स्रागेनहून आले, मागेलांगहून एक दाताची डॉक्टर आली, बू हेर्नी नावाची. माणसं उतरत होती, काळ्या टोप्या नीट करत होती आणि त्या फोटोसमोर एक क्षण थांबत होती. इतकी माणसं ‘कट्यार’ वाचतात? मला भरून आलं. वाटत होतं, डोहाकाठी आपण एकटेच बसलोय, आणि मान वर करून बघतो तर अख्खा काठ भरलेला.

एकानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डबडबल्या डोळ्यांनी म्हणाला, “धीर धरा.”

“तोच धरलाय इतकी वर्षं,” मी म्हणालो.

गल्लीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन, पातेल्यांत तांदूळ घेऊन मागच्या दारानं आत गेल्या. आत बू वेनिंग वीसएक माणसांच्या रश्शासाठी कांदे चिरत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बायकांनी तिला पोटाशी धरलं आणि सुरी काढून घेतली. कधी, कसं, असं विचारणं आमच्यात अशिष्ट समजतात. कुणी विचारलं नाही. तिला वाटलं, मदतीला आल्या, किती माया.

आणि बाहेर मांडवात मतं सुरू झाली. काय सांगू तुम्हाला. जन्मभर जे कुणी बोललं नाही ते सगळं बाहेर आलं.

“मधले चाळीस भाग म्हणजे पाणी,” कोह तिओंग काठी आपटून म्हणाला. ऐंशीच्या पुढचा माणूस, वाचनालय कधीच बंद झालंय. “नुसतं पाणी. वुलुंग डोंगर चढतो, जेवतो, उतरतो, परत चढतो.”

“मग ते चाळीस भाग भाड्यानं का देत होतात?” बू हेर्नीनं विचारलं.

“तेच सगळ्यात जास्त जायचे. मी स्वतः दोनदा वाचलेत.”

“नाग चोरलेला आहे हे तर मला दुसऱ्याच भागात कळलं होतं,” ती म्हणाली. “माझ्या आजीनं तोच नाग मला झोपताना सांगितला होता. पण आजीचा नाग बोलायचा. यांचा गप्प राहतो. मला आजीच्या नागाची भीती नाही वाटली कधी.”

“चोरीचा माल असेल तर चोरानं ठेवलाय मात्र झकास,” मागून कुणीतरी म्हणालं.

“गुरूंना मारायला नको होतं.”

“मारलं म्हणून तर मी पुढं वाचलं.”

“मी तीन महिने वाचलं नाही. रागानं.”

“आणि मग?”

“मग काय, आणलं की सगळं एकदम.”

पाठ होतं त्यांना. भाग, पान, कोणत्या झाडाखाली कोण कुणाला काय म्हणालं, सगळं. मी स्वतःला मोठा वाचक समजत होतो, पण या लोकांपुढं मी पहिलीतला पोरगा निघालो. शिव्या घालत होते आणि त्या घालताना त्यांचे चेहरे उजळत होते. हे एम्बाहंनी ऐकायला हवं, असं मनात आलं, आणि म्हटलं निदान लिखित मतं तरी बघू किती जमली. खोक्याचं झाकण उचललं.

आत पाकिटं होती. पांढरी, कडेनं दुमडलेली. आमच्याकडं शेजारी मयत झाली की आत पैसे घालून जी देतात, ती.

मांडवाकडं पाहिलं. टोप्यांकडं पाहिलं. पदरांकडं, फोटोकडं, पाण्याच्या पेल्यांकडं पाहिलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, माझ्या तर चपलाही सरकल्या. आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक सुरकुतलेला हात आला आणि त्यानं खोक्यात आणखी एक पाकीट टाकलं.

एम्बाह रेक्सो. दुसऱ्या हातात झाकलेला पिंजरा.

“फार वाईट झालं,” ते हळू आवाजात म्हणाले, आणि कोण गेलं हे न विचारता, रीतीप्रमाणं, शेवटच्या रांगेत जाऊन बसले. दिसतं अंधूक, त्यामुळं फोटो कुणाचा ते कळलं नव्हतं. स्वतःचंच दार आहे, पण मांडवात सगळीच दारं सारखी दिसतात. पिंजरा मांडीवर घेतला. बाहेरच्या वाचकांना तर तो तरुणपणीचा चेहराच ठाऊक, त्यांनी सरकून जागा दिली. गल्लीतले सगळे पुढं बसलेले.

मी पळत त्यांच्याकडं गेलो आणि तोंड उघडलं. पण वडीलधाऱ्या माणसाला ‘तुम्ही वारलात’ हे कोणत्या आदरानं सांगायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात पुढं पाक दार्सोनो उभे राहिले. मुलीकडून नुकतेच परतले होते, मांडव पाहून त्यांनी योग्य तो अर्थ काढला होता. म्हणजे बिचारे एम्बाह मेळाव्याआधीच गेले. घरी जाऊन टोपी घालून आले होते. आणि त्यांनी मयतीचं भाषण सुरू केलं. ते सुरू झालं की मधे बोलता येत नाही. घराला आग लागली तरी आम्ही आधी ते संपू देऊ.

“आपले लाडके एम्बाह रेक्सो,” ते म्हणाले, “यांच्याकडून कळत नकळत काही चूक झाली असेल तर ती पोटात घालावी.”

“घातली,” सगळे म्हणाले.

शेवटच्या रांगेत पिंजरा हलला. एम्बाहंनी मान वर केली होती. मी त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसलो.

“आणि त्यांच्याकडं कुणाचं काही येणं राहिलं असेल, तर त्यानं आत्ता सांगावं, म्हणजे त्यांची पुढची वाट मोकळी होईल.”

इथं क्षणभर थांबायची पद्धत आहे. आजवर या जागी कुणी उठलेलं मी पाहिलं नव्हतं. लाज वाटते लोकांना.

मधल्या रांगेतून एक तरुण माणूस उठला. हेल्मेटनं केस चपटे झालेले, डोळे सुजलेले.

“माझं आहे,” तो म्हणाला. “शेवटचा भाग.”

सगळा मांडव वळून पाहू लागला.

“मी गालिह. चोरलेलं आहे म्हणून लिहिणारा मीच. सगळं खरं लिहिलं होतं. कुठून काय घेतलंय ते मला ठाऊक आहे, कारण लहानपणापासून पुन्हा पुन्हा तेच वाचतोय. वाट बघून बघून चिडलो होतो. वाटलं, चिडवलं तर लिहितील तरी.” त्यानं नाक पुसलं. “त्यांच्याकडं माझं येणं आहे.”

“माझंही,” बू हेर्नी उठली.

कोह तिओंग काठीवर जोर देत उठला. “माझं तर व्याजासकट.”

खुर्च्या सरकत गेल्या. एक रांग, दुसरी रांग. टोप्या घातलेले, पदर घेतलेले, गल्लीतले, परगावचे, सगळे उभे राहिले. मीही राहिलो, कधी ते कळलं नाही. एवढी माणसं एका माणसाकडं काही मागतायत आणि त्यांना दुसरं काही नकोय, असं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

सगळे उभे राहिल्यामुळं बसलेला एकच माणूस उरला. पाक दार्सोनोंना तो रांगांमधल्या वाटेतून दिसला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खाली बसून घेतलं. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मग पिंजऱ्यातल्या होल्यानं घूं केलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

“बसा,” एम्बाह म्हणाले. “मेलो असतो तर सुटलो असतो. आता उत्तर द्यावं लागणार.”

मला वाटलं आता माझं नाव निघतं. निघालं नाही. त्यांनी गालिहला जवळ बोलावलं. तो आला आणि त्यांच्या पायांपाशी बसला, त्याला रडू आवरत नव्हतं.

“काय काय चोरलं म्हणालास?”

“नाग,” तो पुटपुटला. “राजपुत्र. कट्यार.”

“आणि गुरूंचा शाप?”

“तोही?”

“तोही. तो तुला सापडला नाही.” एम्बाहंना हसू आलं. “माझे वडील सावल्यांचा खेळ करायचे. मला आहे ते त्यांच्या बाहुल्यांच्या पेटीतलंच आहे. नवीन मला कधी काही आलं नाही. तू लिहिलंस तेव्हा फार लाज वाटली.”

“मला नवीन नकोय, एम्बाह,” गालिह म्हणाला. “मला पुढचं हवंय.”

एम्बाहंनी पिंजऱ्यावरचं फडकं नीट केलं. बू वेनिंग दारात येऊन उभी होती, तिच्यामागं तांदळाची पातेली धरलेल्या बायका.

“डोळ्यांनी लिहिता येत नाही आता,” ते म्हणाले. “पण देणं आहे म्हणता. देणं ठेवून मांडवातून उठता येत नाही.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आवाज आधी चिरका होता, मग घसा मोकळा झाला. नववा डोह. वारा नाही. पाणी इतकं स्थिर की वुलुंगला त्यात स्वतःऐवजी आकाशच दिसतं. मग तळाशी काहीतरी हलतं. मी लहानपणी अंथरुणात असायचो तसा झालो होतो. मांडवात कुणी पेला खाली ठेवत नव्हतं, कारण ठेवला तर आवाज झाला असता. पाक दार्सोनोंचं भाषण हातातच राहिलं होतं. नाग वर येऊ लागला. काळा, जुना, डोंगराएवढा. वुलुंगनं कट्यारीला हात घातला.

हा नाग म्हणजे वुलुंगचे हरवलेले वडील, हे मला पन्नासाव्या भागापासून माहीत होतं. मला राहवलं नाही. शेजारी गालिह गुडघ्यांना मिठी मारून बसला होता, त्याच्या कानाशी लागून मी कुजबुजलो, “मी ओळखलं होतं. ते वडील आहेत.”

“मीही ओळखलं होतं,” तो नागावरची नजर न काढता म्हणाला. “आता गप्प बसा ना, पाक. ऐकू द्या.”